गेलेल्या माणसाला घरात ठेवून लिहायची हलकीफुलकी प्रेमकथा

लहान गाव, थोडी गंमत, आणि जोडीदार गेल्यावर पुन्हा कुणावर तरी जडलेला जीव. ऐकायला हा मामला सोपा वाटतो, म्हणून पहिली कादंबरी लिहू पाहणारे पुष्कळजण तो हौसेनं हाती घेतात आणि साधारण सत्तराव्या पानावर अडकतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. एका प्रकरणात गावातली गंमत, दुसऱ्यात रडणं, तिसऱ्यात प्रेमाची चाहूल, असं सगळं वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवलेलं असतं. वाचणाऱ्याला दर वीस पानांनी गाडी बदलावी लागते.

हे तिन्ही एकत्र बांधणारी गाठ शोधली की काम हलकं होतं. माझ्या मते ती गाठ म्हणजे लहान गावात कुणी काही विसरत नाही. तुम्ही शाळेच्या नाटकात कुठलं वाक्य विसरलात हे तिथे तीस वर्षांनीही सांगितलं जातं, आणि तिथून विनोद निघतो. तुमचा नवरा कुठल्या बाकावर बसायचा हेही सगळ्यांना आठवतं, म्हणून दुःख दार लावून बसत नाही. आणि तुम्ही कुणाची तरी बायको होतात हे गाव विसरत नाही, म्हणून नव्या प्रेमाला अडथळा बाहेरून आणावा लागत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी 1: सुरुवात अंत्यविधीपासून नको

पहिल्या पानावर रडणारी माणसं असली तर वाचक त्यांच्याबरोबर रडत नाही. अजून ओळखच झालेली नसते. शिवाय तिथून हसण्यापर्यंत पोचायला शंभर पानं लागतात. मृत्यूनंतर वर्षभराने, दीड-दोन वर्षांनी सुरू करा. नायिकेने किंवा नायकाने लांबणीवर टाकलेलं एखादं क्षुल्लक काम निवडा आणि आज ते करायला तिला बाहेर काढा.

लेखभर एकच उदाहरण वापरतो. नायिका 44 वर्षांची, नवरा जाऊन 18 महिने झालेले. तो गेला त्या आठवड्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खायचं भरून आणलेली 14 भांडी अजून तिच्या ओट्याखाली पडून आहेत. ती परत द्यायला ती निघते. 13 भांडी कुणाची हे तिला ठाऊक आहे. चौदाव्याचा मालक मात्र सापडत नाही. गावातला प्रत्येकजण त्याबद्दल छातीठोकपणे काहीतरी सांगतो आणि प्रत्येकाचं चुकतं. खरं असं की ते भांडं त्याच आठवड्यात गावात राहायला आलेल्या एका माणसाचं होतं. त्याला जायचं होतं शेजारच्या घरी, पण तो चुकीच्या दारात आला. गर्दी बघून त्याला वाटलं काहीतरी समारंभ आहे. त्याने भांडं हातात दिलं आणि मनापासून अभिनंदन केलं. ते ऐकलं एकट्या नणंदेने, आणि तिने ते आजवर कुणाला सांगितलं नाही. तो माणूस पुढे सत्य कळल्यापासून त्या गल्लीतून जातच नाही.

बघा, यात भेट आहे, लाज आहे, मरण आहे, गाव आहे. आणि हे सगळं एका भांड्यात मावतं. सुरुवातीचा प्रसंग असा हवा, की त्यातून काहीही काढून टाकलं तर बाकीचं कोसळेल.

पायरी 2: गेलेल्या माणसाला पात्र करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नवशिके लेखक गेलेल्या नवऱ्याला देव करतात. तो कधी चिडला नाही, कधी विसरला नाही, सगळ्यांचा लाडका होता. मग नवा माणूस आत येणार कुठून? देवाशी स्पर्धा कुणी करत नाही. दुसरी पळवाट याहून सोपी आणि याहून वाईट: नवरा दुष्ट निघतो, त्याची लपवलेली पत्रं सापडतात, आणि वाचकाला हायसं वाटतं. ही दुसरी कादंबरी झाली. ती सुटकेची कादंबरी. ती लिहायची असेल तर जरूर लिहा, पण तिथे गमावण्याचं दुःख उरत नाही.

एक कागद घ्या. त्यावर त्या माणसाच्या दोन खोडी लिहा ज्यांचा नायिकेला खरोखर वैताग यायचा. एक सवय लिहा जी आता नाही म्हणून घर चुकल्यासारखं वाटतं. एक अर्धवट राहिलेलं काम. एक भांडण जे मिटलं नाही. आमच्या उदाहरणातला नवरा घरातली प्रत्येक मोडकी वस्तू 'रविवारी करतो' म्हणून बाजूला ठेवायचा. घरात अशा सतरा वस्तू आहेत. त्या दुरुस्त करायच्या की नाहीत, हा प्रश्न नंतर फार महत्त्वाचा होतो, कारण नव्या माणसाला दुरुस्ती येते. एखाद्या दुपारी तो न विचारता भिंतीवरचं घड्याळ चालू करून ठेवतो, आणि ती त्याच्यावर चिडते. तो चक्रावतो. वाचक चक्रावत नाही.

मग कादंबरीत न जाणारं एक 500 शब्दांचं भांडण लिहा, नवरा-बायकोचं, अगदी फालतू कारणावरून. हे लिहिल्यावर तुम्हाला त्या माणसाचा आवाज कानात बसतो. पुढे नायिका मनात त्याच्याशी बोलते तेव्हा तो संत वाटत नाही.

डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी 1996 साली शोकाबद्दलच्या एका पुस्तकातून मांडलं, की गेलेल्याशी नातं तोडणं हा दुःखातून बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग नव्हे. नातं रूप बदलून चालू राहतं, आणि तसं राहणं हा आजार नसतो. लेखकासाठी याचा अर्थ साधा: शेवटच्या प्रकरणात फोटो भिंतीवरून उतरवायची गरज नाही.

पायरी 3: दुःखाची शिडी करू नका

दुःखाचे पाच टप्पे सगळ्यांना माहीत असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी ते 1969 साली मांडले, पण ते स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. कादंबरीची प्रकरणं या पाच टप्प्यांत वाटली की पुढचं पान काय असणार हे वाचकाला आधीच कळतं.

लेखकाच्या जास्त उपयोगाचं काम मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट या मानसशास्त्रज्ञांचं आहे. 1999 मध्ये त्यांनी मांडलं की जोडीदार गमावलेला माणूस दोन बाजूंमध्ये झोके घेत असतो. एका बाजूला गेलेल्याची आठवण, रडणं, त्याच्या वस्तू. दुसऱ्या बाजूला रोजचं जगणं, म्हणजे पूर्वी त्याने केलेली कामं शिकणं, नवी ओळख, नवी नाती. सकाळी या बाजूला, दुपारी त्या बाजूला. दोन्हीकडे जाणं लागतं, आणि मधूनमधून दोन्हीकडून सुट्टी घेणंही.

प्रकरणांचा आराखडा याच झोक्यावर बसवा. नायिका एका प्रसंगात पहिल्यांदा गाडीचं चाक बदलायला शिकते आणि काळ्या हातांनी खुशीत असते. त्याच संध्याकाळी गाडीच्या कप्प्यात नवऱ्याच्या अक्षरातली यादी सापडते. पुढच्या प्रकरणाचा सूर खाली, पण तिथेही एखादा हलका क्षण. सलग तीन प्रकरणं एकाच बाजूला गेली तर कादंबरी तिकडे कलंडते.

आणि हसू? शोकात हसणं हे ढोंग असतं असं वाटणाऱ्यांनी डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांचा 1997 चा अभ्यास लक्षात ठेवावा. जोडीदार जाऊन सहा महिने झालेल्या माणसांच्या मुलाखती त्यांनी तपासल्या. गेलेल्याबद्दल बोलताना जी माणसं खरोखर हसली, म्हणजे डोळ्यांपर्यंत पोचणारं हसली, त्यांची व्यथा इतरांपेक्षा कमी होती. तेव्हा तुमची नायिका नवऱ्याची आठवण सांगताना खो-खो हसली तर तिला लगेच रडवू नका. हसू द्या आणि प्रसंग तिथेच संपवा.

पायरी 4: गाव मोजकं ठेवा

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेननं 1814 च्या सप्टेंबरमध्ये कादंबरी लिहू पाहणाऱ्या आपल्या भाचीला पत्रात लिहिलं होतं, की खेडेगावातली तीन-चार कुटुंबं, काम करायला याहून चांगलं काही नाही. दोनशे वर्षांनंतरही या सल्ल्यात काही भर घालावीशी वाटत नाही. फक्त एक दुरुस्ती: कुटुंबं मोजण्याबरोबर त्यांच्या इच्छाही मोजा.

गावातल्या सहा-सात पात्रांपुढे प्रत्येकी एक वाक्य लिहा: याला नायिकेकडून काय हवं आहे? ग्रंथालयातल्या बाईंना ती पूर्वीसारखी दर शनिवारी यायला हवी आहे. पोस्टमनला तिच्या घरी येणारी नवऱ्याच्या नावाची टपालं थांबवायची आहेत, कारण दर वेळी दारात उभं राहणं त्याला जड जातं. नणंदेला, भाऊ जिथे होता तिथेच राहायला हवा आहे. यातला कुणीही खलनायक नाही. सगळ्यांना तिचं भलंच हवं आहे, आणि सगळ्यांचं भलं वेगवेगळं आहे. विनोदाची खाण इथे आहे. विक्षिप्त टोप्या घालणारी, बकऱ्यांशी बोलणारी माणसं ओळीनं उभी करून गाव गमतीदार होत नाही. त्यातला एखादा चालतो. चौथ्याला वाचक कंटाळतो.

बातमीचा नकाशाही काढा. सकाळी दहाला पुलावर दोघं बोलताना दिसली, तर हे नणंदेला कुणाकडून, किती वाजता आणि काय रूपात कळतं? दहाला 'बोलत होती', बाराला 'हसत होती', चारला 'हात धरला होता'. हा वेग एकदा ठरवलात की शेवटपर्यंत पाळा. मग एखाद्या दिवशी बातमी पोचत नाही, कुणीतरी ती मुद्दाम अडवून धरतं, तेव्हा वाचकाला त्या माणसाचं प्रेम न सांगता कळतं. आमच्या कथेत नणंदेनं अठरा महिने सांभाळलेलं मौन म्हणूनच मोठं आहे.

पायरी 5: नवा माणूस वैद्य नको

तो तिला बरं करायला आलेला नाही. हे वाक्य टेबलासमोर चिकटवा. समजूतदार, धीराचा, प्रत्येक वेळी योग्य तेच बोलणारा नायक वाचकाला दहाव्या पानावर आवडतो आणि साठाव्यावर नकोसा होतो. त्याला स्वतःची अडचण द्या, जी नायिकेशिवायही त्याच्या आयुष्यात असती. त्याचंही कुणी गेलेलं असावं का? चालेल, पण मग दोघांच्या दुःखाची तुलना होऊ लागते आणि संवाद जड होतात. मला तरी तो साधा, चुका करणारा, लाजाळू आणि खोटं बोलायला अजिबात न जमणारा आवडतो.

पायरी 6: हसायचं कुणावर

आंरी बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1900 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यावरच्या पुस्तकात म्हटलं आहे, की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. आपल्या कादंबरीची सगळी कसरत याच वाक्यात आहे. भूल क्षणभरच द्यायची, आणि ती कधी उतरते ते दाखवायचं. नायिकेनं चौदाव्या भांड्याच्या मालकाला गाठलंय, तो प्रसंग असा लिहिता येईल:

"हे भांडं तुमचं?"

"नाही."

"कान तारेनं बांधलाय."

"बरेच लोक बांधतात."

"तुमच्या चष्म्याची काडीही त्याच तारेनं बांधली आहे."

त्याने चष्मा काढून खिशात घातला. आता त्याला ती दिसेनाशी झाली, आणि त्यामुळे जरा धीर आला. "तुम्ही त्यातलं खाल्लंत का?"

"त्या आठवड्यात मी तेवढंच खाल्लं."

इथे मेलेल्या माणसावर विनोद नाही, नायिकेच्या दुःखावरही नाही. हसू येतं ते एका प्रामाणिक माणसाच्या फसलेल्या थापेवर. शेवटच्या वाक्यात भूल उतरते. आणि त्यानंतर निवेदकानं एक अक्षरही बोलू नये. 'तिचे डोळे पाणावले' असं लिहिलंत की सगळं वाया.

मृत्यूबद्दलचा थेट विनोद करायचाच असेल तर तो पहिल्यांदा ज्याचं माणूस गेलं त्यानेच करावा. नायिकेनं एकदा दार उघडलं की मग इतरांना आत यायला हरकत नाही, आणि त्यातलं कुणीतरी एक पाऊल जास्त आत जातं, तोही चांगला प्रसंग होतो.

पायरी 7: अडथळा आणि फाटाफूट

प्रेमकादंबरीच्या अभ्यासक पामेला रेगिस यांनी 2003 साली प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले. समाजाचं चित्र, भेट, अडथळा, आकर्षण, कबुली, मग एक असा क्षण जिथे आता हे दोघं एकत्र येणं अशक्य वाटतं, त्यानंतर उमज आणि शेवटी बांधिलकी. ते याच क्रमाने यायला हवेत असं नाही. त्या अशक्य वाटणाऱ्या क्षणाला त्या प्रतीकात्मक मृत्यू म्हणतात.

आपल्या प्रकारात इथे सापळा आहे. कथेत खरा मृत्यू आधीच झालेला असतो. म्हणून तिसऱ्या चतुर्थांशात अपघात, रुग्णालय, नायक शुद्धीवर येईल का, असलं काही आणलंत तर पहिल्या मृत्यूची किंमत कमी होते. अर्धवट ऐकलेलं बोलणं आणि त्यातून झालेला गैरसमजही नको; दोन मिनिटं बोलून मिटेल अशा गोष्टीसाठी वाचकानं चाळीस पानं का थांबावं? फाटाफूट आतून यावी. तो तिला हसवतो, ती दिवसभर आनंदात असते, आणि रात्री लक्षात येतं की आज नवऱ्याची आठवण एकदाही आली नाही. ती दुसऱ्या दिवसापासून त्याला टाळू लागते. यात कुणाचीही चूक नाही, म्हणून ते मिटवणंही अवघड आहे.

'इतक्या लवकर?' हा प्रश्नही कुणाच्या तरी तोंडी यायला हवा. ऑस्टेनच्या 'पर्स्युएशन'मध्ये, जी तिच्या मृत्यूनंतर 1817 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली, कॅप्टन बेन्विकची वाग्दत्त वधू गेलेली असते. तो शोकात बुडालेला असतो, आणि वर्षभराच्या आत दुसऱ्या मुलीशी त्याचं लग्न ठरतं. पहिलीसाठी काढून घेतलेलं त्याचं छोटं चित्र आता दुसरीसाठी मढवून घ्यायचं काम पडतं पहिलीच्या भावावर. शेवटी ते काम त्याचा मित्र कॅप्टन वेंटवर्थ स्वतःकडे घेतो. ऑस्टेन बेन्विकला दोषी ठरवत नाही आणि भावाचं दुःखही झाकत नाही. तुमच्या नणंदेचं पात्र लिहिताना हा भाऊ आठवा. तिचा भाऊ गेलाय. वहिनीला दुसरा जोडीदार मिळू शकतो, तिला दुसरा भाऊ मिळणार नाही. हे तिच्या तोंडून एकदा, रोजच्या बोलण्याच्या सुरात, रागाशिवाय येऊ द्या. कादंबरीतलं ते सगळ्यात मोठं वाक्य असेल.

पायरी 8: शेवट

अमेरिकेतल्या प्रेमकथा-लेखकांच्या संघटनेची व्याख्या दोनच गोष्टी मागते: प्रेमकथा मध्यभागी असावी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी असावा. लग्नच झालं पाहिजे असं नाही. पण वाचकाला हे दोघं टिकतील याची खात्री वाटली पाहिजे. 'गोड' प्रकारात शारीरिक जवळीक बहुधा दाराशी थांबते, म्हणून हाताचा स्पर्श, एकत्र केलेलं काम, गप्प बसणं यांना जास्त वजन द्यावं लागतं.

एक गोष्ट टाळाच. गेलेल्या नवऱ्यानं आधीच लिहून ठेवलेलं पत्र, ज्यात 'माझ्यानंतर तू सुखी राहा' असं म्हटलेलं असतं. ते वाचून लोक रडतात, हे खरं. पण नायिकेनं जो निर्णय घ्यायचा तो मेलेला माणूस तिच्यासाठी घेऊन जातो. परवानगी हवीच असेल तर ती जिवंत माणसाकडून, आणि शक्यतो सगळ्यात जास्त हरलेल्या माणसाकडून यावी. आमच्या कथेत नणंद एक दिवस ते भांडं स्वतः भरून नायिकेच्या हातात देते आणि म्हणते, "या वेळी बरोबर घरी पोचव."

पायरी 9: खर्डा

70,000 शब्द पुरेसे आहेत. दिवसाला 400 शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे 35 आठवडे. दोघांची भेट पहिल्या 7,000 शब्दांत व्हावी. फाटाफूट 52,000 च्या आसपास.

पहिला खर्डा झाला की तीन आठवडे त्याकडे बघू नका. मग छापून घ्या आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे तुम्ही हसलात तिथे एक, जिथे घसा दाटला तिथे दुसरी. दोन्ही रंग एकाच पानावर येणारी पानं मोजा. ती दहापेक्षा कमी असली तर पायरी 1 कडे परत जा, कारण डबे अजून वेगळेच आहेत. संवाद मोठ्यानं वाचा, शक्यतो दुसऱ्या माणसाबरोबर वाटून. जोडीदार गमावलेल्या कुणाला वाचायला द्यायचं असेल तर आधी विचारा, आणि 'नको' म्हणाले तर कारण विचारू नका. वाचलंच, तर 'आवडलं का' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या पानावर पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं तेही विचारा. त्या पानापासून दुसरा खर्डा सुरू करा.